बाळ रात्री रडतंय म्हणजे त्याला थंडीच वाजतेय का?

निफाड तालुक्यात माहेरी बाळंतपणाला आलेल्या एका ताईंचा प्रश्न आहे. बाळ पाच आठवड्यांचं, दिवस पूर्ण भरलेले, जन्माचं वजन २.४ किलो, आता ३.१. रात्री झबलं, स्वेटर, कुंची, हातमोजे, पायमोजे, वर दोन दुपट्यांत गुंडाळून शेवटी गोधडी. खोलीत शेगडी पेटलेली. तरी हात-पाय गारच लागतात, आणि रात्री एकला जे रडायला लागतं ते चारपर्यंत. आई म्हणते अजून एक स्वेटर चढव. नवरा पुण्याहून फोनवर सांगतो, कपडे कमी कर. ऐकायचं कुणाचं? शेगडी बरी की हीटर? बाळ कुशीत घ्यावं की पाळण्यात? आणि झोपेसाठी जायफळ उगाळून चाटवलं तर चालेल का?

जायफळाचं आधी सांगते, कारण ते आज रात्रीच कुणीतरी उगाळायला घेईल. नका देऊ. जायफळानं येते ती झोप नाही, गुंगी आहे. इतक्या लहान जिवाला ती किती चढेल याचा अंदाज कुणालाच नसतो, आणि गुंगीतलं बाळ दूध नीट ओढत नाही. पूर्वी मुंबईत गिरणीत कामाला जाणाऱ्या बाया तान्ह्या मुलांना अफूच्या बाळगोळ्या देऊन निजवायच्या. पोट हातावर होतं, दुसरा इलाज नव्हता. तुमच्याकडे इलाज आहेत. सर्दीसाठी म्हणून ब्रँडीचा थेंब, मधाचं बोट, छातीला कापूर चोळणं, हेही त्याच यादीत. मध तर वर्षाच्या आत अजिबात नको. त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते.

आता मूळ प्रश्न. मी नवजात शिशू कक्षात परिचारिका आहे, हिवाळ्यात गारठून आलेली बाळं नेहमी हाताखालून जातात. त्यातली कुणी रडत आलेली फारशी आठवत नाहीत. खरंच गारठलेलं बाळ रडत नाही, ते गप्प होतं. अंग ढिलं पडतं, दूध ओढायचा कंटाळा करतं, आवाज बारीक होतो, आणि घरचे म्हणतात, ‘आज किती छान झोपलंय.’ भीती त्या शांततेची वाटायला हवी. तीन तास ठणठणीत आवाजात रडणाऱ्या, एरवी दूध नीट पिणाऱ्या आणि वजन वाढणाऱ्या बाळाला थंडीच वाजत असेल, ही शक्यता त्यामानाने कमी. उलट तुम्ही सांगितलेल्या कपड्यांचा ढीग बघता ते उकडून रडत असेल असं मला जास्त वाटतं. पण हे मी इथे बसून ठरवू शकत नाही आणि तुमचे यजमान पुण्यात बसून ठरवू शकत नाहीत. ते तुमचा हात ठरवेल.

तर हात कुठे लावायचा ते नीट सांगते. आधी स्वतःचे हात एकमेकांवर चोळून गरम करा, नाहीतर सगळंच चुकीचं कळेल. मग झबल्याखालून हाताची मागची बाजू बाळाच्या पोटावर टेकवा. मग पायमोजा काढून तळव्याला. शेवटी मानेमागे, केस संपतात तिथे दोन बोटं घाला. पोट कोमट आणि पायही कोमट, तर बाळ मजेत आहे, एकही कपडा वाढवू नका. पोट कोमट पण पाय गार, तर बाळ ऊब टिकवण्यासाठी झटत असेल. एक थर वाढवा किंवा छातीशी घ्या आणि अर्ध्या तासाने पुन्हा बघा. पोटही गार लागलं, तर ते खरंच गारठलं आहे, पुढचं सगळं सोडून त्याला ऊब द्या. आणि मानेमागे घाम किंवा चिकटपणा, चेहरा लालसर, श्वास भरभर, तर उकडतंय. मग पाय गार असोत नाहीतर नसोत, कपडे उतरवा.

हाताच्या पंज्यांवर मात्र भरवसा ठेवू नका. पहिल्या काही आठवड्यांत हातापायांच्या टोकांकडे रक्त कमी जातं, पंजे गार आणि कधी थोडे निळसर दिसतात. ओठ आणि जीभ गुलाबी असतील तर त्यात काही नाही. आपल्याकडे घरात येणारा प्रत्येक पाहुणा आधी बाळाचा पंजा धरतो आणि ‘गार पडलंय गं’ म्हणून जाहीर करतो. तिथून सगळं सुरू होतं.

ज्यांना आकडा हवा असतो त्यांच्यासाठी: साधा डिजिटल थर्मामीटर घ्या, काखेत कोरड्या कातडीला लागेल असा ठेवा, हात अंगाशी दाबून धरा आणि बीप वाजेपर्यंत हलवू नका. ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस म्हणजे ठीक. फॅरनहाइटचा असेल तर ९७.७ ते ९९.५. ३६.५ च्या खाली गेलं की गारठा लागायला सुरुवात झाली, ३६ च्या खाली गेलं तर प्रकरण गंभीर. कपाळासमोर धरायच्या बंदुकीवर या वयात माझा विश्वास नाही.

बाळ एवढं लवकर गार का पडतं, हेही समजून घ्या, म्हणजे पुढचा सल्ला घोकावा लागणार नाही. आपल्याला थंडी वाजली की आपण कुडकुडतो, त्या थरथरीतून उष्णता तयार होते. तान्ह्या बाळाला तसं कुडकुडता येत नाही. त्याच्या खवाट्यांच्या मधे, मानेभोवती, मूत्रपिंडांच्या आजूबाजूला एक खास तपकिरी चरबी असते. ती जाळून ते ऊब तयार करतं. त्यासाठी साखर आणि प्राणवायू खर्च होतो. म्हणजे रात्रभर ऊब टिकवायला झटणारं बाळ प्यायलेलं दूध वजनात न घालता त्यातच घालवतं. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या किंवा फार कमी वजनाच्या बाळाकडे ही चरबी मुळात थोडी असते. तुमचं बाळ २.४ चं होतं, अडीच किलोच्या थोडं खाली. पण पाच आठवड्यांत त्याने छान वजन घेतलंय. याचा अर्थ ते ऊब टिकवण्यात सगळी ताकद घालवत नाही. त्या ३.१ आकड्यावर मी बाकी कुठल्याही खुणेपेक्षा जास्त विसंबेन.

ऊब जाते कुठून? सगळ्यात जास्त ओलेपणातून. भिजलेला लंगोट, घामेजलेलं झबलं, आंघोळीनंतर ओलसर राहिलेलं डोकं. बाळाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं, सगळ्या कातडीच्या साधारण पाचवा हिस्सा तिथेच असतो, म्हणून आंघोळ घातल्यावर आधी डोकं कोरडं करायचं, मग बाकीचं अंग. दुसरं, वारा: दाराखालच्या फटीतून येणारा, पंख्याचा, आणि झोळीच्या खालून वाहणारा. झोळी थंडीत वरून उबदार वाटते, पण खालून एकाच कापडाच्या पलीकडे गार हवा असते, हे लक्षात येत नाही. तिसरं, गार वस्तूचा स्पर्श. मेणकापडावर थेट बाळ ठेवलं की ते घामही शोषत नाही आणि गारही लागतं. त्यावर सुती दुपटं हवंच. चौथं कारण लोकांना पटत नाही: जवळची गार भिंत. वारा नसला, स्पर्श नसला, तरी बाहेरच्या भिंतीला किंवा खिडकीला लागून ठेवलेल्या पाळण्यातलं बाळ आपली उष्णता त्या भिंतीकडे गमावतं. पत्र्याचं घर असेल तर डोक्यावरचा पत्राही तेच करतो. पाळणा नुसता खोलीच्या आतल्या भिंतीकडे सरकवला तरी फरक पडतो, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

आता कपडे. बाळाला तुमच्यापेक्षा एक थर जास्त, हा नियम. तुम्ही त्या खोलीत सुती कपड्यावर एक स्वेटर घालून बसलात तर ठीक वाटतं ना? मग बाळाला आत सुती लांब बाह्यांचं झबलं आणि पायजमा, वर एक लोकरीचं किंवा फ्लॅनेलचं, पायमोजे, आणि छातीपर्यंत एक दुपटं. बस. लोकर कधीही थेट कातडीला नको, ती टोचते. हातमोजे शक्यतो काढा. बाळ स्वतःची मूठ चोखून शांत होतं, तो त्याचा सगळ्यात जवळचा उपाय आपण कापडात कोंडतो. घालायचेच असतील तर आधी उलटे करून आतले सुटे धागे कापा. बोटाला धागा गुंडाळून ते सुजल्याची प्रकरणं घडतात, आणि कारण न कळता रात्रभर रडणाऱ्या बाळाची बोटं, पायाचीसुद्धा, म्हणून एकदा निरखून बघायचीच असतात.

टोपीबद्दल मतं वेगळी आहेत. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला असा की सुरुवातीचे तास सोडले तर घरात झोपताना टोपी नको, कारण डोक्यावाटे जादा उष्णता बाहेर पडायला वाट राहिली पाहिजे आणि टोपी तोंडावर सरकू शकते. त्यांचं म्हणणं त्यांच्या घरांपुरतं बरोबर आहे. तिथे भिंतीतून खोली गरम केलेली असते. निफाडला पारा कधी पाच-सहा अंशांवर येतो आणि घरात ऊब येण्याची काही सोय नसते. अशा रात्री पाच आठवड्यांच्या बाळाला पातळ, घट्ट बसणारं, नाड्या नसलेलं सुती टोपडं मी घालू देते. कुंची मात्र बाहेर अंगणात उन्हाला नेताना, झोपेत नाही. तिचा घेर वर सरकून नाकावर येतो. आणि खोली गरम केली असेल तर टोपडंही काढायचं.

गोधडी अंगावरून काढा. जुन्या साड्यांचे थर शिवलेली गोधडी मोठ्यांना अंगावर घ्यायला छान, पण बाळाला ती बाजूला सारता येत नाही. तीच घडी करून बाळाच्या खाली घाला. खालून ऊब राहते आणि बैठक टणक राहते, त्यामुळे बाळ रुतत नाही. दुपटं काखेपर्यंतच, कडा गादीखाली खोचलेल्या, आणि बाळाचे पाय पाळण्याच्या पायथ्याला टेकतील असं खाली निजवायचं, म्हणजे ते दुपट्याखाली सरकत जात नाही. उशी, मोहरीची पिशवी, मऊ खेळणी पाळण्यात नकोत. पाठीवर निजवायचं, प्रत्येक वेळी. उताणं झोपलेलं बाळ ओकलं तर घुसमटेल ही भीती सगळ्यांनाच असते, पण श्वासनलिकेची रचना अशी आहे की निरोगी बाळाला उताणं झोपणंच सुरक्षित. पालथं झोपणं आणि जास्त गरम होणं, या दोन्हींचा संबंध झोपेतल्या अचानक मृत्यूशी आहे, म्हणून कपड्यांच्या ढिगाबद्दल मी इतकी कटकट करते आहे.

गुंडाळणं वाईट नाही. दचकून जागं होणाऱ्या बाळाला त्याने बरं वाटतं. छातीशी दोन बोटं आत जातील इतपतच घट्ट, आणि कमरेखाली एकदम सैल. पाय सरळ राहावेत म्हणून बांधून टाकायची आपल्याकडे पद्धत आहे. त्याने खुब्याचा सांधा बिघडू शकतो. बाळाचे गुडघे बेडकासारखे बाहेर वळलेले असतात ते तसेच राहू द्यावेत, पाय आपोआप सरळ होतात. आणि ते कुशीवर वळायला लागलं, साधारण तिसऱ्या महिन्याच्या आसपास, की गुंडाळणं बंद.

एक गोष्ट मुद्दाम: थंडीचे कपडे ट्रंकेतून काढले असतील आणि त्यात डांबराच्या गोळ्या असतील, तर ते धुऊन, दिवसभर कडक उन्हात टाकून मगच बाळाच्या अंगाला लावा. काही बाळांच्या रक्तात एका विकराची जन्मजात कमतरता असते. अशा बाळाला त्या गोळ्यांच्या वाफेनेही रक्तपेशी फुटून कावीळ होते. तुमच्या बाळाला ती कमतरता आहे की नाही हे घरात कुणालाच ठाऊक नसतं.

शेगडीवर मला जरा जास्त बोलायचं आहे. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवायची पद्धत ज्या घरात जन्मली ते घर कौलारू होतं. कौलांमधून, दाराच्या फटींमधून हवा खेळत होती. आता वर स्लॅब, खिडकीला सरकती काच, दाराखाली वारा येऊ नये म्हणून खोचलेलं पोतं. त्याच खोलीत तीच शेगडी आता घातक आहे. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, धूर दिसत नाही तेव्हाही तो असतो. तो रक्तात प्राणवायूची जागा घेतो. माणूस झोपेतच बेशुद्ध होतो, ओरडायलाही उठत नाही. सकाळी तुमचं डोकं जड असतं का, मळमळतं का? असेल तर आज रात्रीपासून शेगडी बंद, खिडकी उघडा, आणि बाळाला डॉक्टरांना दाखवून घ्या. शेक घ्यायचा असेल तर दिवसा, दार-खिडकी उघडी ठेवून, बाळ दुसऱ्या खोलीत असताना घ्या. वावडिंग-ओव्याच्या धुरीचंही तेच. धूर तो धूरच, आणि बाळाची श्वासनलिका काडीएवढी असते.

तेलाचा हीटर परवडत असेल तर तो बरा, लाल तारेचा त्यामानाने धोक्याचा, कपडा पडला तर पेट घेतो. कुठलाही असला तरी बाळाच्या अंगावर त्याचा झोत नको आणि वायर पाळण्यापासून लांब. झोपायच्या आधी तासभर लावून खोली तापवा आणि मग बंद करा. रात्रभर चालवायची गरज सहसा पडत नाही. पिवळा बल्ब लावून ऊब देण्याचा जुना सल्ला अजून कुणी देतं, आणि लोक त्या जागी एलईडी लावतात. त्याने उजेड पडतो, ऊब काही मिळत नाही, आणि बाळाची झोप मात्र मोडते. गरम पाण्याची पिशवी बाळाशेजारी ठेवून झोपू नका, तान्ह्या कातडीला त्या कोमट वाटणाऱ्या पिशवीनेही भाजतं.

सगळ्यात भरवशाची शेगडी म्हणजे आईची छाती. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात एका सरकारी रुग्णालयात बाळांना ऊबेत ठेवायच्या काचेच्या पेट्या कमी पडत होत्या. तिथल्या डॉ. एडगर रे यांनी कमी वजनाची बाळं आयांच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायला सुरुवात केली. कांगारू मातृसेवा म्हणतात ती हीच. पुढे दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयासह पाच देशांतल्या रुग्णालयांत १ ते १.८ किलोच्या बाळांवर अभ्यास झाला, तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. जन्मानंतर लगेच छातीशी घेतलेल्या बाळांमध्ये पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू साधारण पाव हिश्श्याने कमी झाले. आणि आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळ घरी कसं तपासायचं, ऊबेत कसं ठेवायचं हे शिकवलं. आज तुमच्या दारात येणारी आशाताई त्याच धड्यावरून शिकून आली आहे. तिच्याकडे थर्मामीटर आणि वजनकाटा असतो, आणि ४२व्या दिवसाची तिची भेट अजून व्हायची आहे. तुम्ही माहेरी आहात हे इथल्या आशाताईंना कळवलं आहे का? नसेल तर उद्याच कळवा.

पाय गार लागले किंवा आकडा ३६.५ च्या खाली दिसला तर असं करा. बाळाचे सगळे कपडे काढा, फक्त लंगोट आणि टोपडं ठेवा. तुमचा ब्लाउज किंवा गाऊन पुढून उघडा. बाळ उभं धरून दोन स्तनांच्या मधे, पोटाला पोट लावून ठेवा, मान एका बाजूला, हनुवटी किंचित वर, नाक मोकळं. वरून शाल, आणि तुमच्या पाठीला टेकू. तासभर तसंच राहा. मधे पाजा. तासाने पुन्हा ताप मोजा. तुम्ही दमला असाल तर आजी बसू शकतात, पुण्याहून बाबा आले की तेही. छाती कोणाचीही चालते, फक्त तंबाखू-विडीचा वास नको आणि बसणाऱ्याला झोप लागता कामा नये.

कुशीत की पाळण्यात? तुमच्या खाटेला लागून, हात पोचेल असा पाळणा. आपल्याकडे बाळ आईपासून लांब निजवत नाहीत, ते बरोबरच आहे. निदान सहा महिने एकाच खोलीत असावं. पण एकाच अंथरुणात, आणि तेही जन्माचं वजन कमी असलेलं बाळ, दोन मोठ्यांच्या मधे आणि वर जाड रजई, हे मला मान्य नाही. आडवं पडून पाजताना डोळा लागतो हे खरं. म्हणून गादी टणक ठेवा, तुमची उशी आणि पांघरूण बाळापासून दूर, आणि दारू किंवा झोपेची गोळी घेतलेलं कुणी त्या अंथरुणात नको. जाग आली की बाळ परत पाळण्यात. सोफ्यावर बाळ घेऊन झोपणं सगळ्यात वाईट.

आता ते एक ते चार. पाच-सहा आठवड्यांचा काळ रडण्याचा कळस असतो. त्यानंतर उतरण लागते आणि तीन-चार महिन्यांत बहुतेक बाळं निवळतात. शिवाय या वयात दिवस आणि रात्र यातला फरक शरीराला कळत नाही, तो दोन-तीन महिन्यांत उमगायला लागतो. तुम्ही त्याला मदत करू शकता. बाळंतिणीची खोली दिवसभर पडदे ओढून अंधारी ठेवली असेल, आणि बाळ दुपारी सलग चार तास निजत असेल, तर त्याची रात्र दुपारीच होऊन गेली. सकाळी पडदे उघडा, उजेड येऊ द्या, दिवसा दर दोन-अडीच तासांनी उठवून पाजा, माणसांचा, भांड्यांचा आवाज चालू द्या. रात्री मात्र मंद दिवा, बोलणं नाही, खेळवणं नाही, मोबाइल नाही. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजणं हे ठरलेलंच आहे, त्यातले दोन-तीन रात्रीचे.

बाळाने कुंथलं, आळोखेपिळोखे दिले, तोंड वेडंवाकडं केलं की लगेच उचलू नका. त्यांची निम्मी झोप अशीच चाळवलेली असते. अर्धा-एक मिनिट थांबा, पुष्कळदा ते परत निजतं. थांबलं नाही तर आधी मानेमागे हात, मग लंगोट, मग दूध, मग ढेकर. कपडा चढवणं या यादीत सगळ्यात शेवटी. रात्रीपुरता विकतचा डायपर वापरला तर चालतो. पुरळ येतं म्हणून आज्या चिडतात, पण दर तासाला ओला लंगोट बदलताना उघडं पडणारं बाळ जास्त गारठतं आणि जास्त रडतं. चार तासांनी बदला, आणि दिवसा लंगोट आहेतच.

एक अडचण बहुतेक आया सांगतात: मांडीवर गाढ झोपतं, पाळण्यात ठेवलं की टक्क जागं. कारण साधं आहे. तुमच्या अंगावरून ते एकदम गार दुपट्यावर जातं. पाजत असताना पाळण्यातलं दुपटं स्वतःच्या पोटाशी धरून ठेवा, ठेवताना ते अंथरा. ठेवण्याचा क्रमही बघा: आधी पाय टेकवा, मग कुल्ले, मग पाठ, शेवटी डोकं, डोकं आधी ठेवलं तर बाळाला पडल्याचा भास होतो आणि हात फेकून ते दचकतं. ठेवल्यावर हात लगेच काढू नका. छातीवर तळवा ठेवून त्याचे चार-पाच श्वास मोजा आणि मग बोटं एकेक करून उचला.

मालिश-आंघोळीचं थोडक्यात. थंडीत ती सकाळी सातला नको, अकरा-बाराला, ऊन चढल्यावर. तेल लावून उघडं ठेवायचं नाही, पाणी कोपराने बघायचं, पाच मिनिटांत आटपायचं. कडाक्याच्या दिवशी ओल्या फडक्याने पुसून घेतलं तरी बाळ अस्वच्छ राहत नाही.

पुढच्या आठवड्यात सहा आठवड्यांच्या लसी येतील. त्या रात्री अंग गरम लागेल. ताप आलाय म्हणून गोधडीत गुंडाळू नका, उलट एक थर कमी करा, वारंवार पाजा, औषध सिस्टरने सांगितलेल्या मापानेच द्या. लस नसताना मात्र ३७.५ च्या वर आकडा गेला, तर आधी कपडे कमी करून पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा मोजा. तरी खाली आला नाही तर दवाखाना, या वयात वाट बघायची नाही.

आणखी काही खुणा अशा की ज्यात मला किंवा कुणालाही विचारत बसू नका: दूध ओढणं बंद किंवा निम्म्यावर येणं, हलवूनही नीट जागं न होणं, तासभर छातीशी धरूनही ३६.५ वर न येणं, मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त श्वास, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडणं, झटका, ओठ निळे होणं. आणि पाजताना कपाळावर दरदरून घाम येणं, मधेच धाप लागून थांबणं आणि वजन न वाढणं, हे उकाड्यामुळे असेल असं समजू नका. त्यात हृदय तपासून घ्यायला लागतं.

न्यायची वेळ आली तर १०२ किंवा १०८ लावा. वर्षाच्या आतल्या बाळाला सरकारी रुग्णालयात नेणं-आणणं आणि उपचार मोफत आहेत. मोटरसायकलवर दुपट्यात गुंडाळून, वारा कापत बाळ आणू नका; रुग्णालयात पोचेपर्यंत ते आणखी गार पडलेलं असतं. गाडीतही छातीशी, कातडीला कातडी लावून, वर शाल घेऊन बसा, खिडकीची काच वर, आणि ओढत असेल तर वाटेत पाजत आणा.